मंडळीची दुसरी वही

कोविडनंतर आमच्या नवी मुंबईतल्या मराठी मंडळीत उज्जीवन सभांचं पेवच फुटलं होतं. नगरहून, पुण्याहून वक्ते यायचे, संध्याकाळी गीतं व्हायची, डोळे पाणावायचे आणि पुढच्या रविवारी मागचे बाक पुन्हा रिकामेच. तरुण पोरं इंग्रजी उपासनेला निघून गेलेली. पास्टरेट कमिटीत आम्ही उपाय म्हणून आणखी एक सभा ठरवायचो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीवरचा इर्शाळगड आमच्या पोरांच्या पायाखालचा. सकाळीच तरुण संघातले चौघं-पाचजण बूट चढवून चर्चच्या दारात हजर. पाळकसाहेबांनी त्यांना तिथंच अडवलं. वाडीला गाडीरस्ता नव्हता, चढण निसरडी, जेसीबी वर पोचत नव्हते, एनडीआरएफचे जवान कुदळ-फावड्यानं माती उपसत होते. बेलापूर अग्निशमन केंद्रातले एक अधिकारी मदतीला चढतानाच हृदयविकाराच्या झटक्यानं गेल्याचं कळलं, तेव्हा पोरांची कुरकुर थांबली. शोधकार्य थांबलं तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते. ५७ माणसं बेपत्ताच राहिली.

इकडे महिला संघानं जुने कपडे गोळा करायचं काढलं. आमच्यात एक निवृत्त नर्स आहेत, सगळे त्यांना मावशीच म्हणतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर त्या तिकडे काम करून आलेल्या. त्या म्हणाल्या, "कपड्यांचे ढीग मी चिखलात पडलेले बघितलेत. ते राहू द्या. उद्या आपल्याकडंच पाणी भरलं, तर पहिल्यांदा कुणाच्या दारी जायचं, ते सांगा."

कुणालाच सांगता येईना. आमच्या रजिस्टरात बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, वर्गणी सगळं चोख. तळमजल्यावर कोण राहतं, इन्सुलिन कुणाला लागतं, एकटं कोण आहे, यातलं एक अक्षर नाही.

मग दुसरी वही आली. एक वडीलधारा आणि एक तरुण, अशा जोड्या ऐरोलीपासून नेरुळपर्यंत घरोघर जाऊ लागल्या. घरभेट ही खरं तर पाळकाच्या कामातली जुनी रीत, पण या शहरात ती आजारपण आणि मयतीपुरती उरली होती. घणसोलीत एक आजोबा कित्येक महिने भक्तीला आले नव्हते, कारण लिफ्ट बंद होती आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नर्सेस मात्र दर दोन घरांआड निघाल्या. आमच्या समाजात ते नवल नाही. एकजण रबाळे एमआयडीसीत सेफ्टीचं काम बघणारा निघाला. त्यानं रविवारी उपासनेनंतर शिकवलं: वायुगळती झाली तर वारा बघा, वाऱ्याला आडवे निघा, ओला रुमाल नाकाला लावा. आमचं हे शहर भरती-ओहोटीवर कसं चालतं, तेही मला त्याच्याकडूनच कळलं. सिडकोनं खाडीकाठची सखल जमीन भराव घालून वसवली आणि पावसाच्या पाण्यासाठी धारण तलाव ठेवले. भरती आली की खाडीकडची झडपदारं मिटतात, पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर पडतं. मोठी भरती आणि मुसळधार एकदम आली की मग खालच्या सेक्टरांची पंचाईत. तेव्हापासून पावसाळ्यात आमच्या ग्रुपवर प्रार्थनेच्या विनंत्यांखाली भरतीच्या वेळाही येतात.

विरोध झालाच. "हे चर्च आहे की होमगार्डचं ऑफिस?" असं एका ज्येष्ठांनी भर बैठकीत विचारलं. उलट टोकाचे म्हणाले, शेजारच्या झोपडपट्टीत मदत न्यायचीच तर सोबत धर्मप्रचाराची पत्रकंही न्या. याला मी आडवा आलो. माझे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आले. त्यांचा विश्वास खरा होता, तरी "भाकरीसाठी बाटलेले" हा टोमणा घरानं तीन पिढ्या ऐकला. भुकेल्या माणसाच्या हातात ताटाबरोबर दुसरं काही द्यायचं नाही, असा ठराव झाला. एकमतानं नव्हे.

पोरं परतली का? काही परतली. शेजारच्या वस्तीतल्या बायका सीपीआर शिकायला आल्या, तेव्हा शिकवायला तीच उभी होती. उज्जीवन सभा यंदाही आहे, फक्त एकाच संध्याकाळची.

अडलंय ते किल्लीवर. पूर आला तर हॉल वस्तीतल्या लोकांसाठी उघडायचा हे ठरलं, पण किल्ली खजिनदारांकडे, आणि ते राहतात पनवेलला. दुसरी किल्ली मशिदीमागच्या किराणावाल्याकडे ठेवावी असं मावशींचं म्हणणं आहे, कारण त्याचं दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. येत्या बैठकीत मी त्यांच्या बाजूनं हात वर करणार आहे. बाकीच्यांचं सांगता येत नाही.