अंगवळणी

माझ्या लहानपणी आमच्या आचऱ्यात 'व्यायाम' हा शब्द शाळेतल्या कवायतीपुरताच होता. सकाळी उठून कोणी उगाचच धावत सुटला असता, तर लोकांनी आधी त्याच्या मागे कुत्रा लागलाय का ते बघितलं असतं. अंग हलवायचं ते कामासाठी. पण काम करताना अंग कसं हलवायचं याचं शिक्षण मात्र चोख होतं. त्याचा वर्ग कोणी घेतला नाही. रापणीवर, कुणग्यात, माडावर आणि बावडीवर ते ज्याचं त्याला मिळत गेलं.

रापणीचंच सांगतो. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फिरून येते आणि जाळ्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन बाजूंना धरले जातात. मग दोन्हीकडची माणसं पाण्याकडे तोंड करून, मागे मागे चालत ते ओढतात. बघणाऱ्याला वाटतं, हा दंडांचा खेळ आहे. पहिल्यांदा दोर धरणारा पोर तसाच ओढतो आणि थोड्याच वेळात त्याच्या तळहातांची सालं निघतात. माझ्या मागे उभ्या असलेल्या एका काकांनी माझी कंबर धरून मला खाली दाबलं होतं. म्हणाले, "हातान खेचू नको रे झिला. हात नुसते आकडे. वजन मागे टाक, टाच रेतीत रोव, आणि चल." गुडघे थोडे वाकवून अंग मागे झोकून दिलं की दोर खरोखरच येऊ लागला. शेवटच्या टोकाला पोचलेला माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याच्या कडेला येऊन धरायचा, म्हणजे ओढता ओढता मधे विसावाही मिळायचा. एक बाजू जोरात आणि दुसरी हळू ओढली तर जाळं तिरपं होऊन मासळी निसटते. त्यामुळे जो तगडा असेल त्यालाही दुसऱ्याच्या चालीनं ओढावं लागे. जो दोराला हात लावी त्याच्या वाट्याला थोडे तरी बांगडे, तारले येत. आमच्यासारख्या पोरांनाही.

माडावर चढणं हे त्याहून वेगळं शास्त्र. पायांत दोरीचं वेटोळं अडकवायचं, तळव्यांनी खोड चिमटीत पकडायचं, हातांनी वर कवळायचं आणि मग पाय ओढून घ्यायचे. वर चढणारा माणूस खोडाला मिठी मारत नाही. छाती थोडी दूर ठेवतो, म्हणजे भार पायांवर येतो. याच कसबाचा एक भाऊ आपल्याकडे मल्लखांब झाला. त्याची परंपरा दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांशी जोडतात. मल्लखांबाला गुरू मिळाला, आखाडा मिळाला, नाव मिळालं. माडावर चढणाऱ्याला नारळ आणि मजुरी मिळाली.

बाकीचं येता-जाता होत असे. व्हाळावरचा साकव म्हणजे पोफळीची दोन खोडं शेजारी टाकलेली. पावसात ती शेवाळून जात. शाळेत जाताना दप्तर डोक्यावर घेऊन त्यावरून जायचं, तर नजर पायांवर न ठेवता पलीकडच्या काठावर ठेवायची, हे आम्हाला दुसरी-तिसरीतच कळलं होतं. गडग्यावरून उडी मारताना गुडघे सैल ठेवायचे. लावणीला तरव्याच्या मुठी घेऊन वाकायचं ते पाठीतून नाही, कमरेतून. चिरेखाणीवर जाणारे थोरले भाऊ पंचवीस-तीस किलोचा चिरा उचलताना आधी त्याच्या अगदी जवळ जात, उकिडवे बसत, पोटाशी धरत आणि मग उठत.

बायकांचं अंग तर दिवसभर जमिनीशी वर-खाली होत असे. विळीवर बसायचं, चुलीपुढे बसायचं, पाट्यावर ओणवं व्हायचं, खळं सारवायचं, बावडीतून राजूनं पाणी ओढायचं, डोईवर चुंबळ ठेवून कळशी आणायची. आई दिवसातून किती वेळा जमिनीवर बसून उठत असेल, याचा हिशेब आम्ही कधी केला नाही. चाळीस-पन्नास वेळा तरी नक्की.

हे सगळं सांगताना त्याचं सोनं करू नये, हेही मला कळतं. ते काम होतं आणि काम माणसाला झिजवतं. लावणीच्या दिवसांत आईची कंबर रात्री सरळ होत नसे. ओल्या चिखलानं पायांना कुये पडत. चिरेखाणीवरची माणसं पन्नाशीत पाठ धरून बसलेली मी पाहिली आहेत. माडावरून पडून अंथरुणाला खिळलेला माणूस जवळपासच्या गावांत हमखास एखादा असायचाच. दमलेल्या अंगाला विसावा नव्हता, आजारी अंगाला सुटी नव्हती आणि पोटात पुरेसं अन्न नव्हतं. त्यामुळे घरात नळ, गॅस आणि मिक्सर आला तेव्हा आईनं मनापासून देवाला नारळ ठेवला. तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. काम गेलं, तेव्हा त्याच्याबरोबर ते बसणं-उठणं, ओढणं, चढणं, तोल सांभाळणंही गेलं. ते कामाच्या पोटात लपलेलं होतं, म्हणून वेगळं असं कोणाला दिसलंच नव्हतं.

ते वेगळं काढून बघितलं एका फ्रेंच माणसानं. जॉर्ज एबेर त्याचं नाव, फ्रान्सच्या नौदलात अधिकारी. 8 मे 1902 रोजी कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर माउंट पेले हा ज्वालामुखी फुटला आणि सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत बेचिराख झालं. त्या वेळच्या बचावकार्यात एबेर होता, असं सांगतात. जहाजांवरून फिरताना त्यानं आफ्रिकेतले आणि इतर ठिकाणचे लोक पाहिले होते. त्यांची शरीरं चपळ, काटक, आणि त्यांना व्यायामशाळा ठाऊक नव्हती. पुढे नौसैनिकांना शिकवताना त्यानं कसरतीची उपकरणं बाजूला ठेवून माणसाच्या मूळ हालचालींचे दहा गट केले: चालणं, धावणं, उडी मारणं, हातापायांवर रांगणं, चढणं, तोल सांभाळणं, फेकणं, उचलणं, स्वतःचा बचाव करणं आणि पोहणं. 1912 साली त्यानं या 'नैसर्गिक पद्धती'वर ग्रंथ लिहिला. त्याचा आग्रह असा होता, की माणसानं बलवान व्हावं ते कोणाच्या तरी उपयोगी पडण्यासाठी. ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी मनातल्या मनात आचऱ्यात फिरून आलो. दहापैकी नऊ गोष्टी आमच्या वाडीत रोज होत होत्या. दहावी, म्हणजे बचाव, शाळेतून घरी येताना होत असे.

या यादीचा खरा उपयोग मला आईच्या आजारपणात कळला. ती 76 वर्षांची होती. पावसात खळ्यात पाय घसरला आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. दुखणं हाताचं, पण माया करणाऱ्यांनी तिला खाटेवरच बसवलं. पाणी हातात, जेवण हातात. प्लास्टर निघालं तेव्हा हात बरा होता आणि पाय गेले होते. जमिनीवर बसली तर दोघांनी धरून उठवावं लागे. आमच्या घरात बैठक झाली. आईला मुंबईला न्यायचं, घर बंद करायचं, असं जवळजवळ ठरलं. ती काही बोलली नाही. रात्री मला एवढंच म्हणाली, "जमनीवरसून उठाक गावला तर माका हयसरच ठेवशात?"

कुडाळहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली. तिनं आल्या आल्या व्यायाम सांगितले नाहीत. विचारलं, "आजी, पडायच्या आधी तुम्ही दिवसभरात काय काय करत होता?" आणि आई सांगत गेली ते वहीत लिहून घेतलं. मग आमच्या माजघरातले पाट मागवले. पाच पाट एकावर एक रचले आणि पडवीच्या खांबाजवळ ठेवले. खांबाला हात लावून त्यावर बसायचं आणि उठायचं, सकाळ-संध्याकाळ पाच-पाच वेळा. ते सहज जमू लागलं की एक पाट काढायचा. दुखलं तर तो परत ठेवायचा. त्यात कमीपणा नाही, हे तिनं आईला दोनदा बजावलं. उंबरा ओलांडताना पाय मुद्दाम उंच उचलायचा. कळशी आधी पाव भरलेली, मग अर्धी. जमिनीवरून उठायचं तेही तिनं सुटं करून दाखवलं: आधी कुशीवर वळायचं, मग रांगतात तसं हातागुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे रोवायचं, हात पाटावर टेकायचा आणि उठायचं. आई हसली. "म्हणजे माका परत पोरासारख्या रांगाक शिकवतस गो बाये?"

त्याच सुमारास मी एक गोष्ट वाचली. ब्राझीलमधले डॉक्टर क्लॉदिओ जिल अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 51 ते 80 वर्षांच्या 2,002 लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं होतं. एकूण गुण 10. हात किंवा गुडघा टेकला की एक गुण कमी. पुढची काही वर्षं त्यांनी या लोकांवर लक्ष ठेवलं आणि 2012 मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांना 3 किंवा त्याहून कमी गुण होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण 8 ते 10 गुणवाल्यांच्या पाच पटींहून अधिक आढळलं. उठता आलं म्हणून कोणी अमर होत नाही. पण पायांतला जोर, तोल, सांध्यांची लवचीकता आणि अंगाचं वजन या सगळ्यांची परीक्षा त्या एका उठण्यात होते. आमच्याकडे ही परीक्षा प्रत्येक पंगतीत होत असे, फक्त गुण कोणी लिहून ठेवत नव्हतं.

तीन महिन्यांनी आई एका पाटावर आली. आणि त्याच हिवाळ्यात रामेश्वराचा कौल होऊन गावपळण ठरली. आमच्याकडे काही वर्षांनी सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळी. घरांना कुलपं. वेशीबाहेर झापांच्या खोपी बांधायच्या, चूल जमिनीवर, झोप जमिनीवर. आम्ही आईला त्या तीन दिवसांसाठी मालवणात नातेवाइकांकडे ठेवायचं म्हटलं. ती म्हणाली, "गावात कुत्रो सुदा रवणा नाय. सगळो गाव खोपीत, आणि मी एकटी सोप्यार बसान काय करू?"

गेली. सामान आम्ही टेंपोनं नेलं, पण वेशीपर्यंतचा शेवटचा तुकडा ती काठी टेकत चालली. खोपीत गवतावर चटई घालून झोपलो. पहिल्या रात्री मला झोप नव्हती. मध्यरात्री ती हलली. मी उठणार, तेवढ्यात तिनं काळोखातच हातानं थांबवलं. कुशीवर वळली, हातागुडघ्यांवर आली, पाऊल रोवलं, खोपीच्या मेढीला धरलं आणि उभी राहिली. बाहेर जाऊन आली आणि तशीच परत बसली. पहाटेपर्यंत असं दोनदा झालं. सकाळी ती इतर बायकांबरोबर उघड्यावर चुलीपुढे बसून खोबरं खवत होती, बसायला खाली एक पाट घेऊन. तिथून परतल्यावर मुंबईचा विषय कोणी काढला नाही.

आता मी स्वतः साठी ओलांडली आहे आणि वर्षातले सात-आठ महिने डोंबिवलीत असतो. तिथे माड नाही, रापण नाही. पण वर्तमानपत्र मी जमिनीवर बसून वाचतो आणि हात न टेकता उठायचा प्रयत्न करतो. भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत सारख्या वाटून तीन जिने चढतो. नातवाबरोबर बागेतल्या दांड्याला लोंबकळतो. तो मिनिटभर लटकतो, मी त्याच्या निम्माही नाही. पावसात फुटपाथच्या कडेवरून चालताना नजर अजून पलीकडच्या काठावर जाते. ज्याला जे झेपेल, ज्याच्या घरात जे असेल, त्यातून हे साधतं. कोणाला पाच पाट लागतील, कोणाला एक, कोणाला खुर्ची.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा पडवीत पाट दिसले नाहीत. आईला विचारलं. शेजारच्या काकीचे गुडघे धरलेत, मुलानं तिला खाटेवर बसवून ठेवलंय, म्हणून आईनं ते तिकडे पोचवले होते. संध्याकाळी गडग्यापलीकडून तिचा आवाज ऐकू आला. "घाय करू नको गो. पैले पाच घाल. मगे एकेक काढ."