तळ्याकाठचं मये

शुक्रवारचा बाजार भरात असताना म्हापशाहून डिचोलीची बस धरली. अस्नोडा मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना काजू-माडांची गर्दी सुरू झाली. या वाटेवर देवींचं गणगोत नांदतं. मुळगावची केळबाय, शिरगावची लईराई, मयेची महामाया आणि म्हापशाची मिराबाय, म्हणजेच मिलाग्रिस सायबीण (ख्रिस्ती लोकांची मेरी माता), या साऱ्या बहिणी मानल्या जातात. ईस्टरनंतर सेंट जेरोम चर्चमध्ये सायबिणीचं फेस्त भरतं, तेव्हा हिंदूही तेल घेऊन तिच्या पाया पडायला येतात.

डिचोलीहून मये चार-पाच किलोमीटर. डोंगरांच्या कुशीत तळं, काठाला पेडल-बोटींची रांग. मी बोट मध्यावर नेऊन पाय थांबवले. पलीकडच्या वाकलेल्या फांदीवरून खंड्याने सूर मारला आणि चोचीत मासळी घेऊन तो पुन्हा तिथेच जाऊन बसला. धाडस हवं असणाऱ्यांसाठी २०१८ पासून इथे ५५ मीटर उंचीवरून बंजी उडीही आहे.

काठावरच्या टपरीत चहा घेताना एका वयस्क काकांना गावाविषयी विचारलं. ते म्हणाले, “घर आमचं, पण खालची जमीन आमची नव्हे.” पोर्तुगीज अमलात मये एका कोंदाच्या, म्हणजे उमरावाच्या, मालकीचं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण मालक पोर्तुगालात, म्हणून जमीन सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्या कसणारे, राहणारे लोक हक्कावाचूनच राहिले. त्यासाठी ते झगडले, तेव्हा कुठे २०१४ मध्ये कायदा झाला.

तिथून नार्वे जवळच. कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचं दिवाडी बेटावरचं. पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडलं, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार आणलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे देऊळ उभारायला लावलं. दारावरचा शिलालेख आजही त्याची साक्ष देतो. उतरत्या छपराचं, दीपमाळेचं हे देऊळ २०२३ मध्ये जीर्णोद्धारानंतर पुन्हा खुलं झालं.

मयेला येणारे बहुतेक जण तळं पाहून परततात. त्यांनी नार्वेपर्यंत जावं आणि वाटेत गावकऱ्यांशी चार शब्द बोलावेत. आपला देव आणि आपली जमीन या माणसांनी किती चिवटपणे राखली, ते कळल्याशिवाय मये पाहिलं असं म्हणता येणार नाही.