गवताचा भाव

९ सप्टेंबर २०२५, डोंबिवली
पाऊस उघडत नाही. कादंबरीचं पहिलं प्रकरण पुन्हा काढलं. वारल्यांचा उठाव, १९४५. सुरुवात तलवाड्याच्या गोळीबाराने केली आहे. काळोख, लाल बावटा, बंदुका. वाचताना अंगावर येतं, तरी पोकळ वाटतं. एवढी माणसं त्या रात्री तिथे कशासाठी आली, ते पानावर कुठेच नाही.

१० सप्टेंबर
उठावाचं नेतृत्व करणाऱ्या गोदूताई परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ परत हातात घेतलं. पुस्तक १९७०चं. उठावानंतर पंचवीस वर्षांनी लिहिलं, राग तेवढाच ताजा. लग्नगड्यांचा भाग आला आणि मिटून ठेवलं. रात्री जेवण गेलं नाही.

११ सप्टेंबर
लग्नगडी म्हणजे लग्नासाठी कर्ज काढून बांधला गेलेला. देज द्यायचं, पाड्याला जेवण घालायचं, दारू. पैसे जमीनदाराकडून घ्यायचे आणि फेडीपोटी त्याच्याच घरी राबायचं. बायकोनेही. पोरं हाताशी आली की त्यांनीही. वही जमीनदाराची, आकडा त्याचा, वाचता येणारा तोच. फिटणार कसं?

गुलामगिरीची कायदेशीर मान्यता इंग्रजांनी १८४३ मध्ये काढून घेतली होती. त्यानंतर शंभर वर्षं हे मुंबईच्या उशाशी चालू होतं. कर्जाचा व्यवहार म्हटला की कायदा तोंड फिरवून मोकळा. गोदूताई स्वतः कायदा शिकलेल्या. त्यांना यातली मेख पुरती ठाऊक असणार.

१४ सप्टेंबर
टिटवाळ्याला जाऊन आलो. डब्यात बहुतेक गणपतीला निघालेले.

महाराष्ट्र किसान सभेचं अधिवेशन इथे भरलं, ७ जानेवारी १९४५ला. उंबरगावाकडून मूठभर वारली आले होते. झरीचा माह्या धांगडा त्यांच्यात. एवढी माणसं समोर आणि तो उभा राहून बोलला. जुन्या वस्तीत दोघा म्हाताऱ्यांना जागा विचारली. माहीत नाही म्हणाले. एकाने चहा पाजला.

ठाणे जिल्ह्याचा उठाव म्हणतो आपण. उंबरगाव १९६०ला गुजरातेत गेलं. तलासरी, डहाणू, जव्हार २०१४ला पालघरात. टिटवाळा तेवढं राहिलं.

काळू नदीकडे उतरताना एक बाई गवत कापत होती. बराच वेळ बघत राहिलो. डाव्या मुठीत गवत आवळायचं, विळा जमिनीलगत आडवा ओढायचा, मूठ न बघता मागे टाकायची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, पात्यांना धार असते. कंबर एकदाही सरळ केली नाही. भारा बांधायला गवताचाच पीळ.

“मावशी, विकायला का?”
“नाय. म्हशीला.”

रात्री हिशेब मांडला. वारल्यांची मागणी होती पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. त्या बाईचा भारा डोळ्यांसमोरून हलेना.

१५ सप्टेंबर
गोळीबाराचं प्रकरण मागे टाकलं. पहिलं पान गवताचं.

१८ सप्टेंबर, ठाणे
मराठी ग्रंथ संग्रहालयात दिवसभर. सायमिंग्टनच्या अहवालावरची टिपणं पुरी केली. मुंबई सरकारचाच अधिकारी, अहवाल १९३९चा. जंगलपट्टीत कुळाला जमीनदार बोलावील तेव्हा राबावं लागतं, नाही म्हटलं तर मार बसतो, हे त्याने लिहून दिलं. सरकारला सगळं ठाऊक होतं. सहा वर्षांनी बंदुका निघाल्या त्या वारल्यांवर.

परतताना रिक्षा तुरुंगाच्या भिंतीजवळून गेली. बंडखोर राघोजी भांगऱ्याला इथे फाशी दिलं, २ मे १८४८. तेही भांडण सावकाराशी आणि त्याच्या पाठीशी उभ्या इंग्रजाशी.

२१ सप्टेंबर
सर्वपित्री अमावास्या. तलवाड्याला पाच जण मेले. जेठ्या गांगड त्यातला एक. हे पाचही वाचकाला आधी जिवंत भेटले पाहिजेत. गवत कापताना, भांडताना, तारपा ऐकताना.

२४ सप्टेंबर
खाली गरबा. खिडक्या लावून हैती वाचतोय.

१७९१ला गुलाम उठले, १८०४ला देश स्वतंत्र केला. १८२५ला फ्रान्सने लढाऊ जहाजं आणून उभी केली आणि पंधरा कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांची भरपाई म्हणून. त्यात माणसांचीही किंमत धरलेली. जे सुटले त्यांच्याकडूनच वसुली. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचं ओझं थेट १९४७ पर्यंत.

इकडे लग्नगडी सुटले तेव्हा त्यांनी एक पैसा कबूल केला नाही. हे मोठं आहे. कादंबरीत ठळक यायला हवं.

२८ सप्टेंबर
झरीचं प्रकरण. २३ मे १९४५. पाचेक हजार वारली जमले. वेठ बंद. फुकट राबायचं नाही. दिवसाला बारा आणे. ठराव एवढाच, कुणीही पाठ करावा असा. मग कार्यकर्ते गावोगाव फिरले, जमीनदारांच्या दारात उभे राहिले आणि लग्नगड्यांना बाहेर बोलावलं.

माझा लग्नगडी गोठ्यात आहे. हातात शेणाची पाटी. हाक ऐकली. पाटी खाली ठेवतो की टाकतो? मागे वळून बघतो का? दुपारभर एका वाक्यावर बसलो. शेवटी ठरलं. आधी त्याची बायको बाहेर पडते. पाटी तो खाली ठेवतो, जपून, सवयीने.

२ ऑक्टोबर
दसरा. चार पानं. बरी झाली.

४ ऑक्टोबर
तलासरीकडच्या एका निवृत्त गुरुजींना फोनवर प्रकरण वाचून दाखवलं. स्वतः वारली. मधे एकदाही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, “तुमची माणसं फार बोलतात हो. आमची म्हातारी माणसं जमीनदारासमोर एवढं बोललीच नसती. कामावर गेली नाहीत, तेच त्यांचं बोलणं.”

रात्री संवाद कापले. पानं निम्मी झाली. आता श्वास घेतंय.

८ ऑक्टोबर
गोदूताईंची पुण्यतिथी. १९९६ला गेल्या. वारली त्यांना गोदाराणी म्हणत. कादंबरीत त्या दोनदाच येतील, तेही माणसांच्या घोळक्यात. त्यांचं माहात्म्य कमी नाही. पण विळा खाली ठेवणारे हात त्यांचे नव्हते.

१० ऑक्टोबर
तलवाडा. ऐंशी वर्षं झाली.

आज ते प्रकरण नव्याने लिहिलं, सकाळपासून. गवत कापायला आलेलं, रानात उभं वाळतंय. संप. विळे घरात. जमीनदारांचा माल अडकलेला. मग अफवा सुटते. गोदूताई तलवाड्याला येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, लाठ्याकाठ्या घेऊन या. पाड्यापाड्यांतून हजारो निघतात. पोलिसांना सांगितलं जातं, वारली चाल करून येताहेत. गोळीबार. थांबून थांबून पंधरा तास. लोक उठत नाहीत. ज्यांच्यासाठी आले त्या अजून दिसल्या नव्हत्या, मग उठतील कसे?

तिथेच पेन ठेवलं. हात थरथरत होता.

संप त्यानंतरही मोडला नाही.

१३ ऑक्टोबर
प्रकाशकांचा फोन. शेवट १५ ऑगस्ट १९४७ला करा, वाचकाला बरं वाटेल.

नाही करणार. १९४६ला मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, गृहखातं मोरारजी देसाईंकडे. परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं ते याच सरकारने. इंग्रज निघायच्या बेतात, आपली माणसं खुर्चीत, आणि वारली पोलिसांच्या समोर होता तिथेच. हे गाळलं तर कादंबरी कशाला लिहायची?

१७ ऑक्टोबर
वसुबारस. काही लिहिलं नाही.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. बहिणीकडे कल्याणला. संध्याकाळी मुरबाड रस्त्यावर टेम्पो बघितला. माणसं, गाठोडी, पातेली, टोपलीखाली कोंबड्या, एका पोरीच्या कडेवर तिच्याएवढंच पोर. वीटभट्टीवर निघालेली कुटुंबं. दिवाळी सरली की हंगाम. उचल आधीच घेतलेली असते, पावसाळ्यात, घरात दाणा नसताना. हिशेब भट्टीवाल्याच्या वहीत.

बहीण म्हणाली, “दादा, गप्प का?”

२५ ऑक्टोबर
वेठबिगारी मोडणारा कायदा आजच्याच तारखेपासून लागू, १९७५. आधी वटहुकूम, १९७६ला कायदा. तलवाड्यानंतर तीस वर्षांनी.

मूळ मजकूर काढून वाचला. कलम ६. वेठबिगारीपोटीचं कर्ज फेडण्याची जबाबदारी संपुष्टात आली. सवलत नाही, हप्ते नाहीत. संपली. अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे, लक्ष ठेवायला जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती.

हे कलम पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापायचं, समिती कुठे गाठायची त्यासह. वाचणाऱ्याच्या गावाजवळ एखादी भट्टी असेल. त्याने तिथे जावं आणि विचारावं, उचल किती, वही कुणाकडे.