डिस्चार्जनंतरचा खर्च

वसईतल्या एका रुग्णालयाच्या टीपीए, म्हणजे विमा दाव्यांच्या, डेस्कवर मी बरीच वर्षे काम केले. आता निर्मळ-आगाशीकडच्या वाड्यांतून आणि नालासोपारा-विरारच्या इमारतींतून लोक कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : आईबाबांसाठी कुठली पॉलिसी घेऊ? माझे उत्तर अनेकांना पटत नाही. आईबाबा सत्तरी ओलांडलेले असतील तर आधी सरकारी कार्ड काढा, चालू पॉलिसी असेल तर ती खंडित होऊ देऊ नका आणि नव्या मोठ्या पॉलिसीच्या हप्त्यात घालणार होतात ते पैसे घरच्या देखभालीसाठी वेगळे ठेवा.

यामागचे कारण मी डेस्कवरच शिकले. म्हाताऱ्या माणसाचा न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होते, आठवड्याभरात डिस्चार्ज मिळतो. इथवरचे बिल विमा कंपनी बऱ्यापैकी उचलते. पण खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते. वॉकर, कमोड खुर्ची, हवेची गादी, डायपर, रोज घरी येणारा फिजिओथेरपिस्ट आणि ब्युरोची मावशी. बारा तासांच्या मावशीचे दिवसाला सातशे-आठशे धरले, तरी महिन्याला २१ ते २४ हजार झाले. ते सहसा कुठलीच मेडिक्लेम देत नाही. स्मृतिभ्रंश किंवा अर्धांगवायू असेल तर हा खर्च वर्षानुवर्षे चालतो आणि रुग्णालयात भरती झालेली नसल्यामुळे दाव्याचा प्रश्नच येत नाही. बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरचे साधारण ६० दिवस धरलेले असतात. त्या काळातली औषधे, तपासण्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी मागता येते. मात्र चिठ्ठी आणि पावती दोन्ही लागतात. घरोघरी याच पावत्या फेकल्या जातात.

रुग्णालयातल्या बिलातही एक खाच आहे आणि ती सगळ्यांत महाग पडते. समजा, पॉलिसी पाच लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. मुलाने प्रेमापोटी ८,००० ची खोली घेतली. त्याला वाटते, रोजचे तीन हजार आपण भरू. पण अशा पॉलिसीत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. या बाबींचे १,६०,००० झाले असतील तर कंपनी एक लाख देणार आणि साठ हजार तुमच्या खिशातून जाणार. औषधे, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कपात लागू करता येत नाही. तशी केलेली दिसली तर लगेच लेखी हरकत घ्या. भरती होतानाच काउंटरवर विचारायचे : आमच्या पॉलिसीत कोणती खोली बसते? वडिलांना एकट्याची खोली न देणे हा कमीपणा नाही, हे मी कितीतरी मुलांना समजावले आहे.

दावे फेटाळले जाण्यामागे मात्र लपवलेला मधुमेह आणि रक्तदाबच वारंवार दिसतो. ‘लिहू नका, उगाच मेडिकल लागेल,’ असे सांगणारा एजंट दाव्याच्या वेळी समोर नसतो. रुग्णालयाच्या केस पेपरवर ‘डायबेटिस १० वर्षे’ ही नोंद असते आणि कंपनी तीच उचलते. १ एप्रिल २०२४ पासून नियम पुष्कळ सुधारले आहेत. ६५ वर्षांनंतर पॉलिसीच नाही, ही अट गेली. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला. सलग पाच वर्षे हप्ता भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाली नाही तर, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावे लागते, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. तरीही सत्तरीतल्या मधुमेही माणसाचा हप्ता जबर असतो, शिवाय बऱ्याच पॉलिसींत दर दाव्याचा ठरावीक हिस्सा आपणच भरायचा असतो. म्हणून मी कार्डाचा आग्रह धरते.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. सरकारने आता ती रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली केली असून मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाखांची आहे. ऑक्टोबर २०२४ अखेर आयुष्मान भारतमध्ये ७० वर्षांवरील प्रत्येकासाठी वयवंदना कार्ड आले. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि खासगी मेडिक्लेम असली तरी ते मिळते. बंगला आहे, मुलगा दुबईला आहे, म्हणून हे आपल्यासाठी नाही असे समजून वसईतली कितीतरी माणसे ते काढतच नाहीत. अडचण असते ती रुग्णालयाची. योजनेच्या यादीत नाव असले तरी ते सगळ्याच विभागांसाठी असेल असे नाही. हृदयविकाराला मान्यता असेल, हाडांना नसेल. म्हणून घराजवळच्या रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला आजारपण येण्याआधीच भेटून घ्या.

आपल्याकडे अंतर हाही मोठा खर्च आहे. विरार लोकलने आजारी माणसाला केईएमला नेता येत नाही आणि घोडबंदरच्या कोंडीत रुग्णवाहिका कधी अडकेल सांगता येत नाही. जुन्या नालासोपाऱ्यात तर लिफ्ट नसलेल्या इमारतीतून पेशंटला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणावे लागते. त्यामुळे वसईचे सर डी. एम. पेटीट किंवा तुळिंजचे महापालिकेचे रुग्णालय काय देऊ शकते, हे आधी पाहून ठेवावे. मुंबईला जायची वेळ आलीच तर मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर पहिल्या गटात, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुसऱ्या. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला उत्पन्नाचा दाखला दाखवून थेट मागणी करा.

दावा नाकारला तर रडत बसू नका. आधी कंपनीला लेखी तक्रार द्या. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. पालघर जिल्ह्यासाठी हे कार्यालय ठाण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही.

या दिवाळीत बाहेरगावची मुले घरी येतील तेव्हा एक काम कराच. वयवंदना कार्डासाठी वय आधारवरचेच धरले जाते. अनेक वृद्धांच्या आधारवर जन्मतारीख चुकीची आहे. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही आणि ओटीपी येतो तो मुलाच्या नंबरवर. तो असतो कॅनडात. आधी आईबाबांचा स्वतःचा मोबाइल नंबर आधारला जोडा, जन्मतारीख दुरुस्त करून घ्या, आणि मुलांनी परत जाण्याआधी कार्ड काढून घ्या.