आले कोण, गेले कोण

प्रवेशयादी लागली, की आम्ही मराठी विभागातले दोघे प्राध्यापक गुण नंतर पाहतो. आधी पाहतो, कबड्डीला कोण आले आणि कोण गेले. अकोल्यात तयार झालेला चढाईपटू अमरावतीला जातो, हे आता अंगवळणी पडले आहे. तिकडे १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. त्याच्या चमूने १९३६ साली बर्लिनमध्ये कबड्डी दाखवली. त्यापुढे आमचे काळ्या मातीचे, पावसात गुडघाभर चिखलाचे मैदान ते काय! शिवाय १९८३ पासून दोन्ही शहरे एकाच विद्यापीठात. स्थलांतर प्रमाणपत्रही लागत नाही, टी.सी. पुरते.

यंदा गेलेला मुलगा मात्र चटका लावून गेला. खेळाडू म्हणून आलेला, मागच्या बाकावर पेंगणारा. पण वऱ्हाडी बोली शिकवू लागलो, तेव्हा आजीच्या तोंडचे शब्द वहीभर लिहून घेऊन आला. आम्ही त्याच्या एम.ए.ची स्वप्ने पाहू लागलो होतो (खेळाडूंच्या बाबतीत ही आमची जुनी खोड). टी.सी.च्या अर्जात कारण एका शब्दाचे : ‘खेळासाठी’.

‘‘तिकडे मराठी हाये न, सर?’’

आहे, म्हणालो, आणि सही केली. वही आमच्याच कपाटात राहिली आहे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत तो आमच्याविरुद्ध उतरेल, तेव्हा परत द्यायची आहे.