रेम्ब्रांटचा आरसा

चित्रकाराने आरशात पाहून रंगवलेले स्वतःचे व्यक्तिचित्र, म्हणजेच आत्मचित्र, पाहताना प्रेक्षक बहुधा चित्राआधी चरित्र वाचतो, आणि या सवयीचा जाच डच चित्रकार रेम्ब्रांट (1606–1669) याच्याइतका क्वचितच कोणाला झाला असेल. रंगचित्रे, रेखाटने आणि अम्लरेखने, म्हणजे आम्लाने कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून घेतलेले ठसे, अशी मिळून त्याची सुमारे 80 आत्मचित्रे मानली जातात. विशीपासून मरणाच्या वर्षापर्यंत हा चेहरा त्याला पुरला.

1628च्या सुमाराच्या चित्रात, जे आज अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे, डोळे जवळजवळ पूर्ण सावलीत बुडालेले आहेत आणि केसांच्या बटा ओल्या रंगावर कुंचल्याच्या दांड्याने ओरखडून काढलेल्या आहेत. तेथे तरुणाचे गूढ मन शोधण्यापेक्षा प्रकाशाचा प्रयोग पाहावा, हे बरे. 1630च्या छोट्या अम्लरेखनांत तो कधी हसतो, कधी दचकतो, कधी चिडतो; पण ही मुद्रांची तालीम आहे, आणि नटाच्या अनुभावावरून, म्हणजे भाव दाखवणाऱ्या बाह्य हावभावांवरून, नटाचा स्वभाव ठरवण्याची चूक आपल्याकडचा नाट्यशास्त्राचा विद्यार्थीही करणार नाही.

1656मध्ये त्याचे दिवाळे वाजले, घरातील संग्रह लिलावात गेला, आणि तरीही 1658च्या आत्मचित्रात (न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहातील) तो सोनेरी वस्त्रात, हाती काठी घेऊन, राजा सिंहासनावर बसावा तसा बसला आहे. चित्र ही मनःस्थितीची रोजनिशी असती, तर असे घडले नसते.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतील 1669च्या, वयाच्या 63व्या वर्षीच्या चित्रापुढे मात्र चित्रात चरित्र न वाचण्याचा संयम सुटतो, कारण जीवनसंगिनी हेंड्रिक्ये 1663मध्ये आणि मुलगा टायटस 1668मध्ये गेल्याचे ठाऊक असलेला प्रेक्षक कपाळावरच्या आठ्यांत शोकच वाचतो. तो तेथे नसेलच असे नाही. परंतु आरशातील नाकाचे माप डोळ्यांनी घेणाऱ्या माणसाच्या भुवयाही अशाच आक्रसतात, सुईत दोरा ओवणाऱ्याच्या आक्रसतात तशा. म्हणून या चित्रातील भाव चेहऱ्यापेक्षा हातांत शोधणे अधिक भरवशाचे वाटते: क्ष-किरण तपासणीत असे दिसले की, आधी त्या हातांत कुंचला होता, आणि नंतर चित्रकाराने तो रंगाखाली झाकून हात एकमेकांत गुंफले. ही शांतता त्याला लाभलेली नाही, त्याने ती निवडली आहे. कुंचला अजूनही त्या थराखाली आहे.