पडलेले दान

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, एकाच घरात राहतो आणि २०२० सालापासून रविवारच्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून राक्षस मारतो. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी विभागात सर्वांना ठाऊक आहेत. तिसरी आजच जाहीर होते आहे. टाळेबंदीत घरी अडकलेल्या चिरंजीवांनी आम्हांला या खेळात ओढले, तेव्हा पोराचे मन रमावे एवढाच आमचा हेतू होता. आता ते पुण्यात संख्याशास्त्र शिकतात आणि शनिवारी रात्रीच्या गाडीने घरी येतात ते आईच्या हातच्या जेवणासाठी की आमच्या पात्रांना छळण्यासाठी, हे आम्ही विचारत नाही.

ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडेसे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा. तो १९७४ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्यात पट असला तर असतो, नसला तरी चालते. एक जण कथेचा सूत्रधार होतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एका पात्राचे प्राण आपल्या हाती घेतात. पात्राने काय करायचे ते खेळणाऱ्याने बोलून सांगायचे, आणि ते साधले की नाही हे वीस पैलूंच्या फाशाने ठरवायचे. म्हणजे कथनाला संभाव्यतेचा लगाम. सोंगट्यांच्या खेळातला 'दान पडणे' हा आपला शब्दप्रयोग या फाशाला इतका चपखल बसतो की आमच्या टेबलावर 'रोल' हा शब्द पहिल्या महिन्यातच मागे पडला. मात्र 'स्लॉट' टिकला. जादूगाराला दिवसभरात किती मंत्र म्हणता येतील याची ती शिधापत्रिका असते, आणि तिला मराठी शब्द आम्हांला अद्याप सुचलेला नाही.

आमच्यापैकी एकीची पात्र जादूगारीण आहे, दुसऱ्याचा ढालतलवारवाला योद्धा. चिरंजीवांची वर्गमैत्रीण भाट होते (बार्ड या शब्दाला भाट म्हणावे की शाहीर, यावर आम्हां दोघांत एक संपूर्ण रविवार गेला), आणि त्यांचा एक मित्र चोर.

प्रसंग २०२३च्या उन्हाळ्यातला. डंजन मास्टर असलेल्या चिरंजीवांनी महिनाभर खपून एक खलनायक घडवला होता : राजवाड्यातला एक वृद्ध मांत्रिक, ज्याने आपल्याच शिष्यांचा बळी दिला होता आणि ज्याच्यापाशी तसे करण्याचे कारण होते. त्याचे भाषण त्यांनी लिहून आणले होते. वहीची दोन पाने भरलेली आम्हांला दिसत होती. पहिलेच वाक्य पुरे व्हायच्या आत आमच्या जादूगारणीने 'रूपांतर' हा चौथ्या पातळीचा मंत्र म्हटला. त्या मांत्रिकाला ११ किंवा त्याहून मोठे दान पडले तर तो वाचणार होता. दान पडले १९. चिरंजीवांचा चेहरा उजळला, ते पुढचे वाक्य वाचू लागले, आणि आमच्यापैकी एकीने हात वर करून सांगितले : "थांब. रुपेरी काटे." फासा पुन्हा पडला. ४. शिष्यांचा बळी देणारा तो वृद्ध पुरुष बेडूक झाला, चोराने त्याला पोत्यात घातले, आणि वहीची दोन पाने मिटली गेली. सगळे हसले. चिरंजीवही हसले, पण ते हसणे आम्ही ओळखतो. दहावीच्या निकालाच्या दिवशीही ते तसेच हसले होते.

ज्या मंत्राने हे घडले त्याचे मूळ नाव 'सिल्व्हरी बार्ब्स'. डिसेंबर २०२१मध्ये निघालेल्या 'स्ट्रिक्सहेवन' या पुस्तकात तो प्रथम आला. या पुस्तकाचा विषय जादूचे विद्यापीठ हा आहे, आणि मंत्राचे नाते त्यातल्या वक्तृत्वाच्या महाविद्यालयाशी आहे; म्हणजे आमच्याच व्यवसायबंधूंची ही करामत. मंत्र पहिल्या पातळीचा, सर्वांत स्वस्त. साठ फुटांच्या आत कोणी प्राणी एखाद्या दानात यशस्वी झाला की लगेच म्हणायचा. त्याला ते दान पुन्हा टाकावे लागते आणि दोहोंतले लहान धरले जाते. शिवाय दुसऱ्या कोणालाही ॲडव्हान्टेज देता येतो, म्हणजे मिनिटभरातल्या त्याच्या पुढच्या दानाला दोन फासे टाकून मोठा धरायची मुभा. हा मंत्र निघाल्यापासून तो समतोल आहे की नाही यावर खेळणाऱ्यांत वाद आहे, आणि अनेक टेबलांवर त्याला बंदी आहे.

त्या रात्री भांडी घासून झाल्यावर चिरंजीवांनी वही उलटीकडून उघडली आणि गणित मांडले. गणिताने आम्हांला आश्चर्य वाटले ते सांगतो. शत्रू वाचण्याची शक्यता ५० टक्के असेल, तर या मंत्राने ती २५ होते. पण आधीच जाहीर करून त्याला दोन फासे टाकायला लावले आणि लहान धरला, तरीही ती २५च होते! अपूर्णांकाचा वर्ग तोच. बलाढ्य शत्रूवर तर मंत्राचा प्रताप आणखी फिका पडतो : ज्याला वाचायची ७५ टक्के संधी आहे त्याची संधी ५६वर येते, आणि चारांपैकी तीन वेळा आपला स्लॉट फुकट जातो. केवळ शक्यता पाहून निवाडा करायचा तर या मंत्रात बंदी घालण्याजोगे काही नाही. आमच्यापैकी एकीने हे ऐकून विजयी मुद्रेने चहाचे आधण ठेवले.

"पण आई, तू पैसे कधी देतेस ते बघ ना," चिरंजीव म्हणाले.

आणि इथे खरी मेख आहे. २०१४च्या नियमांत सॉर्सरर या जातीच्या जादूगाराला शत्रूवर दोन फाशांची सक्ती करायची सोय होती. तिला तीन गुण लागत, आणि ते मंत्र म्हणतानाच मोजावे लागत. शत्रू एरवीही हरणार होता असे निघाले तरी गेलेले गुण परत येत नसत. त्याच नियमांत पहिल्या पातळीचा एक स्लॉट दोन गुणांत तयार होतो. रुपेरी काट्यांना म्हणजे दोन गुण लागतात, आणि तेही शत्रू जिंकला तरच. अर्ध्या वेळा काहीच लागत नाही. वर ॲडव्हान्टेजची बक्षिसी निराळी. तिसरी गोष्ट अधिक गंभीर. मंत्राची किंमत ठरलेली आहे, पण तो ज्या दानावर पडतो त्याचे मोल ठरलेले नाही. सातव्या पातळीच्या जादूगारणीला दिवसातून चौथ्या पातळीचा एकच मंत्र म्हणता येतो. पहिल्या पातळीचे चार. त्या एकुलत्या एक मंत्राला या चार नाण्यांची राखण मिळते. भाटाकडेही हाच मंत्र असला, आणि आमच्या भाटाकडे होताच, तर ५०चे २५ आणि २५चे साडेबारा.

दान बदलणाऱ्या इतर युक्त्या यापुढे ठेवून पाहिल्या म्हणजे निकष स्पष्ट होऊ लागतो. भविष्यवेत्त्या जादूगाराला सकाळी दोन दाने टाकून लिहून ठेवता येतात आणि दिवसात कोणाच्याही दानाऐवजी ती वापरता येतात. शक्ती मोठी, पण ते दान पडण्यापूर्वी सांगावे लागते. हाफलिंग या बुटक्या जमातीला १ पडला तर पुन्हा टाकता येतो; पण तो त्यांचा स्वतःचा, आणि दुसरे दान येईल ते घ्यावे लागते. २०२४च्या नव्या नियमपुस्तकातील प्रेरणेचेही तसेच आहे : कोणताही फासा पुन्हा टाका, मात्र नवे दान पहिल्याहून वाईट आले तरी तेच धरायचे. दैवाशी दोनदा बोलायची मुभा आहे, पण दुसऱ्या उत्तराचा धोका बोलणाऱ्याचा. अशा मंत्राचा समतोल पाहायचा तर दान कोणाचे, ते निकालाआधी मोडले की निकालानंतर, आणि मोडणाऱ्याने स्वतः काय पणाला लावले, हे तीन प्रश्न आम्हांला टक्केवारीपेक्षा महत्त्वाचे वाटतात. रुपेरी काटे तिन्हींत नापास होतात. लहान मुले याला रडीचा डाव म्हणतात, आणि त्यांची समीक्षा सहसा अचूक असते.

सभापर्व शिकवताना अनुद्यूतापाशी आम्ही नेहमी घाईने पुढे जात असू. पहिल्या द्यूताचे सारे हरलेले धृतराष्ट्राने परत दिल्यावर, वाटेवर असलेल्या पांडवांना पुन्हा बोलावून खेळवले जाते. निकाल कळल्यानंतर, तो न आवडलेल्यांच्या हट्टाने. वस्त्रहरणाच्या प्रचंड प्रसंगानंतर हा भाग अभ्यासक्रमात फिका वाटतो. आता वाटतो त्याहून अधिक अवकाश त्याला द्यायला हवा होता. असो.

चिरंजीवांचे शेवटचे वाक्य मात्र गणिताबाहेरचे होते. ते म्हणाले, "त्यानं ते १९ मिळवलं होतं. ते होऊन गेलं होतं." त्यावर आमच्यापैकी एकीने चहा गाळता गाळता हात थांबवला. पुढे जे सांगितले गेले ते लग्नाला वीस वर्षे होऊनही आमच्यापैकी दुसऱ्याला ठाऊक नव्हते.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. उन्हाळ्यात कॅप सेंटरवर मॉडरेशनचे काम लागले होते. तृतीय वर्ष कलाशाखेच्या मराठीच्या पेपरांचे गठ्ठे, वर पंखा, खाली घाम. परीक्षकाने तपासलेल्या काही उत्तरपत्रिका मॉडरेटरने पुन्हा वाचायच्या आणि त्याचे गुण अंतिम धरायचे. एका उत्तरपत्रिकेवर ४१ होते. उत्तीर्ण व्हायला ४० लागत. अक्षर वाईट, वाक्ये अर्धवट, परंतु एका प्रश्नात काहीतरी स्वतःचे म्हणायची धडपड होती. परीक्षकाने त्या धडपडीला गुण दिले असावेत. मॉडरेटरबाईंनी दिले नाहीत. वेगळ्या शाईत बेरीज झाली ३६. नाव झाकलेले, महाविद्यालय अज्ञात. त्या दिवशी असे आणखी साठ पेपर वाचायचे होते. नियमभंग काहीही झाला नाही. दुसरे वाचन पहिल्यापेक्षा कडक होते इतकेच, आणि त्याची झळ वाचणाऱ्याला लागणार नव्हती.

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज विद्यार्थी स्वतः करतो, स्वतः शुल्क भरतो. ती त्याची मागणी असते. इथे उत्तीर्ण झालेल्याला ठाऊकही नव्हते की तो काही काळ उत्तीर्ण होता. मॉडरेशन नसावे असे आम्हांला म्हणायचे नाही. त्याने किती अन्याय दूर होतात हे आम्ही पाहिले आहे. पण त्या ३६चा आकडा बाईंना अजून आपल्या हस्ताक्षरात दिसतो. चिरंजीव काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी आईपुढचा कप उचलून तिच्या हातात दिला, कारण चहा निवत चालला होता.

मंत्र काढून टाकू नये, अशी विनंती जादूगारणीनेच केली. घरचा नियम मात्र ठरला. रुपेरी काटे म्हणायचे तर फासा सूत्रधाराच्या हातातून सुटण्याआधी. स्लॉट तेव्हाच खर्ची पडेल, शत्रू दोन फासे टाकेल, लहान धरला जाईल. ॲडव्हान्टेज तेवढा राहू दिला. शक्यतेत कणभर फरक पडला नाही, वर्ग तोच. पण जादूगारीण विचार करू लागली. पुढे २०२४च्या नियमपुस्तकाने एका पाळीत मंत्रासाठी एकच स्लॉट खर्चायचे बंधन घातले, तेव्हा स्वतःच्या मंत्रामागे स्वतःच काटे फेकण्याची वाट आपोआप बंद झाली. त्या पुस्तकात हा मंत्र मुळी नाहीच. चिरंजीवांनी ही बातमी फोनवर सांगितली, तेव्हा त्यांच्या आवाजात समाधान होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

वृद्ध मांत्रिक पोत्यातून निसटला होताच. गेल्या पावसाळ्यात त्याने आमच्या योद्ध्याला धारातीर्थी पाडले. मरणाच्या दारातली दोन दाने वाया गेली होती; तिसरेही १०च्या खाली आले तर संपले. त्याआधी मांत्रिकाचा धनुर्धर भाटावर बाण सोडणार होता. चिरंजीवांची मूठ बंद असतानाच जादूगारीण म्हणाली : "काटे." दोन फासे पडले, बाण चुकला, आणि ॲडव्हान्टेज पडलेल्या योद्ध्याला मिळाला. आमच्यापैकी दुसऱ्याने दोन्ही फासे एकदम टाकले. एक ताटाशेजारी थांबला : ७. दुसरा कडेवरून घरंगळला आणि कपाटाखाली गेला.

चोर मोबाइलचा उजेड पाडून पालथा झाला. "काकू, वीस! वीस पडलंय!"

वीस म्हणजे योद्धा उठून बसणार. भाटाने टाळीही वाजवली. चिरंजीवांनी आईकडे पाहिले. टेबलाखाली गेलेले दान पुन्हा टाकायचे, हा नियम आमच्याकडे पहिल्या रविवारपासून आहे.

"खालचं धरत नाही आपण," ती म्हणाली. "टाका परत."

परत टाकला. ८. तिच्याजवळ पहिल्या पातळीचा आणखी एक स्लॉट होता, पण रुपेरी काटे यशावरच चालतात. चिरंजीवांनी वहीतून योद्ध्याचे पान काढले, नीट घडी घातली आणि एक कोरा कागद बाबांपुढे सरकवला. या खेपेस पुजारी व्हावे की काय, असा विचार चालू आहे.